प्रमुख थेट निवडावा की सभागृहानं? विरोधी बाकावरून पाहिलेल्या दोन पद्धती

पारावर बसलं की हा विषय निघतोच, हल्ली गावातल्या अभ्यासिकेतली पोरंही तो काढतात: पंतप्रधान लोकसभेतून येण्यापेक्षा राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनीच निवडला तर? दोन्ही पद्धतींच्या व्याख्या तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात जात नाही. मी या दोन्ही लहान आकारात जवळून पाहिल्या आहेत. गिरणाकाठच्या आमच्या गावात २०१२ ला मी सदस्य झालो, तेव्हा सरपंच आम्ही सदस्यच निवडायचो. २०१७ ला कायदा बदलला आणि सरपंच थेट गावानं निवडला; मी पुन्हा सदस्य. पुढे २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. राज्याचंच मन अजून पक्कं नाही, तर तुमचं डळमळत असेल तर नवल नाही.

सदस्यांमधून निवड होते तेव्हाचा त्रास मी लपवणार नाही. सरपंचपदाच्या निवडीआधी आठ दिवस आमचे चार सदस्य 'सहलीला' गेले होते, फोन बंद. घरच्यांनाही पत्ता नव्हता. थेट निवडणुकीनं ही पळवापळवी थांबली, हे तिचं मोठं श्रेय. देशपातळीवरही तेच: १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. राष्ट्राध्यक्ष असा एका मतानं घरी जात नाही. ज्याला पाच वर्षं एकच माणूस खुर्चीवर हवा आहे, त्यानं अध्यक्षीय पद्धत निवडली तर मी वाद घालणार नाही.

थेट निवडून आलं की आघाडी करावी लागत नाही, असं मात्र समजू नका. ब्राझीलमध्ये २०२२ ला लुला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, पण त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे खासदार ५१३ पैकी ७० च्याही आत. मग मंत्रिपदं वाटून इतर पक्ष जोडावे लागले. तिथल्या सर्जिओ अब्रांचेस या अभ्यासकानं १९८८ मध्येच या कारभाराला 'आघाडीचं अध्यक्षपद' म्हटलं होतं. आणि हे निभावतंही. चिलीत लष्करी राजवटीनंतर एकाच आघाडीनं १९९० ते २०१० अशी वीस वर्षं ओळीनं चार राष्ट्राध्यक्ष दिले.

फरक दिसतो तो मित्रपक्ष बाहेर पडतो तेव्हा. आपल्याकडे त्यानं पाठिंबा काढला की बहुमत सिद्ध करा, नाहीतर पायउतार व्हा. ब्राझीलमध्ये २०१६ च्या मार्चमध्ये मोठा मित्रपक्ष राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांना सोडून गेला. तेवढ्यानं पद जात नाही, म्हणून महाभियोग चालला, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष झाले ते त्याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर. पेरूत २०१६ ला कुचिन्स्की राष्ट्राध्यक्षपद थोडक्या मतांनी जिंकले, पण संसदेच्या १३० पैकी ७३ जागा हरलेल्या बाजूकडे होत्या. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

माझं मन ज्यानं वळवलं ते हेच, फक्त आमच्या गावातलं. २०१७ ला सरपंच समोरच्या पॅनलचा आला आणि ११ पैकी ७ सदस्य आमचे. पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन बदलायची होती. चैत्रापासूनच बाया हंडे घेऊन मळ्यातल्या विहिरींवर जायच्या. ठराव मासिक सभेत आला आणि पडला. पुन्हा आला, पुन्हा पडला. पाडणाऱ्यांत मीही होतो. पाइपलाइन कोणत्या गल्लीपासून सुरू करायची यावर वाद, आणि खरं सांगायचं तर श्रेय कुणाला जाणार यावर. सरपंच आमच्या अहिराणीत म्हणायचे, "माले गावनी निवडी दियेल शे", म्हणजे मला गावानं निवडून दिलंय. आमच्या पॅनलचे आबा म्हणायचे, "आमले बी गावनीच निवडी दियेल शे." दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर तिढा सुटत नव्हता. अविश्वास आणायचा तर पहिली दोन वर्षं आणता येत नाही. त्यानंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मंजुरी. आमच्याकडे सातच. म्हणजे आम्हाला त्यांना काढता येईना आणि त्यांना आमच्याशिवाय काही मंजूर करता येईना. जुन्या पद्धतीत बहुतेक सदस्य विरोधात गेलेला सरपंच एकतर तडजोड करायचा, नाहीतर जायचा. ज्वान लिंझ या राज्यशास्त्रज्ञानं १९९० मध्ये अध्यक्षीय पद्धतीचा हाच दोष मांडला: दोघांनाही लोकांचा कौल, आणि निवाडा करायला कुणी नाही.

दुसरी गोष्ट विरोधकाची. आमच्याकडे सरपंचपदाला थोडक्या मतांनी हरलेला उमेदवार सदस्यपदाला उभाच नव्हता. जवळपास अर्धं गाव त्याच्या मागं, आणि सभेत त्याला खुर्ची नाही. पाच वर्षं तो पारावरूनच बोलत राहिला. केनियात २०१३ ला रैला ओडिंगांना ४३ टक्के मतं पडली, पण तिथं राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला खासदारकीही लढवता येत नाही, म्हणून ते संसदेबाहेर. दक्षिण कोरियाचे ली जे-म्युंग २०२२ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक एक टक्क्याहून कमी मतांनी हरले. जूनमधली पोटनिवडणूक लढवली तेव्हा कुठे ते सभागृहात आले. आपल्या लोकसभेत विरोधी पक्षनेत्याला १९७७ च्या कायद्यानं पगार आणि दर्जा आहे, आणि पंतप्रधानाला त्याच्यासमोर येऊन उत्तर द्यावं लागतं. मला ही समोरासमोरची बसण्याची सोय फार मोलाची वाटते.

तुमचं गाव, तुमची माणसं वेगळी असतील. एका ग्रामपंचायतीवरून देशाचा निकाल लावू नये हेही मान्य. तरी मला विचाराल तर सभागृहातून आलेला प्रमुख बरा, सहलींचा त्रास धरूनही.

आमची पाइपलाइन चौथ्या वर्षी झाली. त्या उन्हाळ्यात टँकरही पुरेना, तेव्हा सरपंच स्वतः माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्या ठरावावर सूचक म्हणून माझं नाव आहे आणि अनुमोदक म्हणून त्यांच्या पॅनलमधल्या एका ताईंचं.