टर्की वाचवायची तर काय बदलायचं: सीझनची तारीख, कोटा की आपलं गवत?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या दक्षिणेला माझ्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी ८० एकर जमीन घेतली, अर्धं रान, अर्धं कुरण. माणूस मूळचा पुण्याचा, शिकार म्हटलं की त्याला आधी कोर्टकेस आठवते. आणि शेजारचा एक म्हातारा दर वसंतात दारात उभा, टर्कीच्या (म्हणजे इथल्या त्या मोठ्या रानटी पक्ष्याच्या) शिकारीच्या सीझनला तुझ्या रानात बसू दे, लीजचे पैसे देतो म्हणून. मित्राच्या कानावर आलेलं की टर्की कमी होत चालल्यात, मग परवानगी द्यायची का, दिली तर कुठल्या अटीवर, असं त्याने मला विचारलं, कारण ओळखीतला शिकारीला जाणारा मराठी माणूस मी एकटाच (बायको त्या विषयावर अजूनही बोलत नाही). फोनवर जे दीड तास बोललो ते इथे टाकतोय, अजून कोणी जमीन घेतली असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक समजून घ्या, टर्की संपत आलेली नाहीये. १९३०च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत दोनेक लाखच उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. मग तोफेसारखी उडणारी जाळी टाकून जिवंत पकडायच्या, खोक्यात भरून दुसऱ्या राज्यात नेऊन सोडायच्या, असं कित्येक वर्षं चाललं आणि २००० नंतरच्या काळात आकडा ७० लाखांच्या आसपास गेला. आता तो साठ-पासष्ट लाखांवर आलाय. म्हणजे पक्षी आहे, पण दक्षिणेत आणि मिडवेस्टात बऱ्याच ठिकाणी पिल्लंच जगत नाहीयेत, खरी रड ती आहे.

आता पर्याय. पहिला म्हणजे शिकार पूर्ण बंद. आपल्या लोकांना हाच पहिला सुचतो, शिकारबंदीच्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात वाढलेलो आपण. पण ८० एकरात टर्कीचं भागत नाही, ती शेकडो एकर फिरते, सकाळी तुमच्याकडे आणि दुपारी म्हाताऱ्याच्या कुरणात, तिथे तो तिला मारणारच. आणि नुसत्या बंदीने पक्षी वाचला असता तर सोलापूरच्या नान्नजला माळढोक आज कळपाने दिसला असता. तिथे तर कोणी बंदूक घेऊन बसत नव्हतं, माळच राहिला नाही. बंदीने मनाला बरं वाटेल एवढंच.

दुसरा पर्याय सीझन उशिरा चालू करायचा, आणि सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरच. वसंतात फक्त नर मारायचे असतात. जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन वगैरे मंडळींचं म्हणणं असं की कळपातला दादा नर मीलन व्हायच्या आधीच मारला तर सगळी घडी विस्कटते, म्हणून माद्या अंड्यांवर बसेपर्यंत थांबा. ऐकायला एकदम पटतं. टेनेसीने २०२३ला सगळ्या राज्यात सीझन दोन आठवडे पुढे ढकलून १५ एप्रिलवर नेला, अलाबामाने २०२२ला २५ मार्चवर. पण टेनेसीतच त्याआधी २०२१ आणि २०२२ला जाइल्स, लॉरेन्स आणि वेन या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) १४ दिवसांचा उशीर करून बघितला होता, शेजारच्या काउंट्यांत जुनीच तारीख ठेवून. टेनेसी विद्यापीठाच्या लोकांनी माद्यांना ट्रान्समीटर लावून घरटी मोजली, पिल्लं मोजली, आणि उशिराने काही फरक पडला नाही असंच निघालं. मिझुरी तर कित्येक दशकं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याशिवाय सीझन उघडत नाही, तरी तिथली वसंतातली शिकार २००४च्या साधारण ६० हजारांवरून २०२१ला ३५ हजारांच्या घरात आली. टर्कीची मादी एका मीलनाचं बीज पोटात काही आठवडे जपून ठेवते, त्यामुळे नर थोडा लवकर गेला तरी अंडी फळतात, मला तरी यातलं कारण हेच दिसतं. मित्राला म्हातार्‍याला मेपर्यंत थांबवायचं होतं. थांबव म्हटलं, नुकसान काही नाही, पण पिल्लं वाढतील या आशेवर नको.

तिसरा, कोटा कमी. हा त्या मानाने सरळ हिशोब आहे, कमी मारले की पुढच्या वर्षी जास्त नर उरतात. टेनेसीत एका माणसाला वसंतात ४ नर मिळायचे, २०२१ला ३ झाले, २०२३ला २. जॉर्जियाने २०२२ला ३चे २ केले, अलाबामाने ५चे ४ आणि वर पहिले दहा दिवस डिकॉय, म्हणजे भुलवायला ठेवायची नकली टर्की, लावायला बंदी. पिल्लं याने वाढत नाहीत हे खरंय, पण अंड्यावर बसलेल्या मादीला याने काही त्रासही नाही आणि आपल्या जमिनीवर हे आजपासून पाळता येतं. सोबत दोन अटी टाकाव्यात असं मी सांगितलं. एक, वर्षाचा कोवळा नर, ज्याला इथे जेक म्हणतात, तो मारायचा नाही. ओळखायला सोपा, पिसारा फुलवला की मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसतात, मोठ्या नराचा पिसारा अर्धगोल एकसारखा. दुसरी अट, हिवाळ्याआधीच्या फॉल सीझनला कोणी यायचं नाही, कारण तेव्हा काही ठिकाणी मादीही मारता येते आणि कमी पिल्लांच्या काळात मादी मारणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळायला देण्यासारखं. कॅन्ससने तर २०२३पासून फॉल सीझनच बंद ठेवला.

चौथा पर्याय गवताचा, आणि माझं मत विचाराल तर पैसे इथे घाला. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं कुंपणाच्या कडेने चाललो होतो, पडलेल्या ओकच्या फांदीखाली मादी खुडूक बसलेली, तीन फुटांवरून गेलो तरी हलली नाही, पालापाचोळाच वाटत होती. आठवड्याने गेलो तर टरफलं, कडेने फोडलेली, आत चाटून साफ. रॅकून असणार, म्हणजे इथला तो मांजराएवढा, रात्री फिरणारा चोरटा प्राणी. अंडी दहा-बारा, एकेक करून घालायला दोन आठवडे, उबवायला अजून २८ दिवस, म्हणजे दीड महिना ती जमिनीवरची ताटली उघडीच, रॅकून, पोसम, साप, कावळे सगळ्यांना. त्यातून पिल्लं निघाली तरी पहिले दोन आठवडे त्यांना झाडावर उडून बसता येत नाही, रात्री आईच्या पंखाखाली जमिनीवरच. आणि मित्राचं कुरण म्हणजे अख्खं टॉल फेस्क्यू नावाचं गवत, गुरांसाठी लावलेलं, मुळाशी गादीसारखं दाट. मूठभर पिल्लू त्यात शिरूच शकत नाही, किडे कुठून खाणार. त्याला हवं वरून झाकलेलं आणि खालून मोकळं, गुडघाभर रानटी झुडपं, ज्याला आपण तण म्हणून उपटतो. म्हणून पानगळीत फेस्क्यूवर तणनाशक मारायचं, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी तुकड्यातुकड्याने जाळायचं. टेनेसीत १५ ऑक्टोबर ते १५ मे जाळायला फॉरेस्ट्री खात्याचं परमिट लागतं, आणि खर्चाला एनआरसीएसच्या (अमेरिकी कृषी खात्याच्या संवर्धन विभागाच्या) इक्विप योजनेतून हातभार मिळू शकतो, अर्ज करून बघा. यात वाईट एवढंच की फळ दिसायला वर्षं जातात आणि शेजारी विचारतात जमीन अशी उकिरड्यासारखी का ठेवलीय.

रॅकूनचे सापळे हा पाचवा, पण तो मी थोडक्यात उडवतो. पूर्वी त्यांच्या कातड्याला भाव होता म्हणून लोक पकडायचे, आता भाव पडला आणि रॅकून मोकाट. आपल्या ८० एकरातले पकडले तरी आजूबाजूचे महिन्याभरात येऊन बसतात, घरटी घालायच्या ऐन दिवसांत सतत सापळे लावत राहायची तयारी असेल तरच हात घाला.

शेवटी लीजचा कागद झाला. अख्ख्या सीझनला एक मोठा नर, जेक नाही, फॉलला फाटक बंद. लीजचे पैसे ऑक्टोबरच्या तणनाशकाला. म्हातारा कुरकुरला पण सही केली. आता रॅकूनचं काय ते बघू म्हटलं, तर मित्र गप्प. त्याची मुलगी त्यांना मागच्या डेकवर रोज पार्ले-जी टाकते म्हणे.