१९१७चा रुपया की १९१८ची अडीचची?

संग्रहासाठी पहिल्या महायुद्धातली एकच नोट घ्यायची तर कुठली? दोन्हींचा जन्म एकाच अडचणीतून झाला. युद्धासाठी सरकारला हिंदुस्थानात धडाधड रुपये मोजावे लागत होते आणि नाणी पाडायला चांदी पुरेना. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ला रुपयाची नोट आली, पाठोपाठ १९१८मध्ये दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे अडीचची. १ जानेवारी १९२६ला दोन्ही काढणं बंद झालं.

रुपयावर पंचम जॉर्जच्या नाण्याचं चित्र आहे. चांदी नाही तर तिचं चित्र घ्या, असा मामला! या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकेत यायच्या, चेकसारख्या फाडून द्यायच्या. त्यामुळे डावी कड खडबडीत असते. नवखा ती बघून भाव पाडतो. मला उलट चारही कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसल्या की शंका येते. फाटकी बाजू कुणी कात्रीनं सरळ केली असेल तर नोट अरुंद होते, म्हणून शेजारी दुसरी ठेवून रुंदी ताडून बघावी. गब्बे, मॅकवॉटर्स, डेनिंग अशा तीन अधिकाऱ्यांच्या सह्यांच्या नोटा मिळतात. एकेक करत संच जमतो.

अडीचचीवर सही एकट्या गब्बेंची. तिथं बघायचं सर्कलचं, म्हणजे नोट जिथून निघाली त्या विभागाचं अक्षर: बी मुंबई, सी कलकत्ता, के कराची, आर रंगून. पावकी-निमकीबरोबर अडीचकी घोकलेल्या पिढीला या आकड्याचं काही वाटलं नसेल, आज मात्र सगळं वेड त्या आकड्याचंच. एका बऱ्या अडीचचीच्या पैशात रुपयाच्या कितीतरी नोटा येतात. भाव असा म्हटल्यावर धुणं, इस्त्री, ठिगळं आलीच. नोट उजेडासमोर धरा, ठिगळाची जागा गडद दिसते. मग तिरकी धरा, दाबून सपाट केलेली घडीही रेघ सोडून जाते. विकणारा नोट प्लास्टिकमधून काढू देत नसेल तर सरळ उठावं.

पहिली खरेदी असेल तर माझं मत रुपयाला. कागदाला हात सरावतो, चुकलं तरी फार पैसे बुडत नाहीत. पण रुपया करकरीतच घ्या, वापरून मऊ झालेले पुष्कळ मिळतात. अडीचचीला घड्या आणि टाचणीची भोकं चालतील. डागडुजी केलेली मात्र स्वस्तातही नको.