ई-रीडर: वाचायला झकास, दुसऱ्याला वाचायला द्यायला बेकार

सर्व्हिस सेंटरने काल एकदाचं यंत्र बदलून दिलं, म्हणून जरा शांत डोक्याने लिहितेय. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला सहा इंची ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनवर ई-पुस्तकं वाचायचं यंत्र. भांडण मिटलंय, त्यामुळे कंपनीचं नाव घेत नाही. पिक्सेल, जीबी, पाण्यात पडलं तर काय, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल. बॅटरीबद्दल जे सांगतात ते खरं आहे. स्क्रीनचा दिवा मंद ठेवला तर चार्जर कुठे ठेवलाय ते विसरायला होतं. उन्हात गच्चीवर बसूनही अक्षर स्वच्छ दिसतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. याला मुखपृष्ठ नाही.

हसू नका. मी वाचते त्याहून जास्त लोकांना वाचायला लावते. ऑफिसात माझ्या टेबलावर कायम एक पुस्तक पडलेलं असतं आणि जो येईल त्याच्या गळ्यात मी ते मारते. डोंबिवली लोकलच्या बायकांच्या डब्यात पुस्तक उघडलं की समोरची मान वाकडी करून नाव वाचते, मग विचारते, ‘कसं आहे हो?’ माझ्या निम्म्या ओळखी अशाच झाल्यात. आता हातात काळी पाटी. एक कादंबरी वाचताना दादरपर्यंत डोळे पुसत होते. शेजारणीला वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

आणि समजा कुणी विचारलंच, तरी देणार काय? विकत घेतलेलं ई-पुस्तक माझ्या खात्याला बांधलेलं. सख्ख्या बहिणीला द्यायचं तर तिने पुन्हा विकत घ्यायचं. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकाला ५ टक्के आहे (२०१८ पर्यंत तर १८ होता). म्हणजे कर भरायचा आणि वर एकटीनेच वाचायचं. अडीचशेचं छापील पुस्तक आमच्यात सहाजणी वाचतात, वर रद्दीवाला कधीतरी दहा-वीस रुपये देतो. ई-पुस्तक दीडशेला मिळालं तरी महागच की!

मराठीसाठी घेणाऱ्यांनी आणखी एक ऐका. फुकट मिळणारी बरीच मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये असतात, मोठ्या पानाच्या मापाने केलेली. सहा इंचांवर ती उघडली की मुंगीएवढी अक्षरं. म्हटलं कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर वापरून ईपब करू, म्हणजे स्क्रीनच्या मापाने मजकूर जुळवून घेणारी फाइल. पण जुनी फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फाँटमधली असली, तर रूपांतर केल्यावर ओळीच्या ओळी निव्वळ कचरा होतात. युनिकोडमधलं पुस्तक मात्र सुरेख दिसतं, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुद्धा जागच्या जागी.

ही वरची तक्रार मी फेब्रुवारीतच लिहून ठेवली होती आणि दोन तारे द्यायचे ठरवलं होतं. त्यानंतर मत थोडं हललं.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी सगळे मोकळे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, तेही २०२४ पासून मोकळे झाले. ही पुस्तकं मी कुणालाही, कितीही जणांना, चोरी न करता पाठवू शकते. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात यातलं काही नीट युनिकोडमध्ये टंकलेलंही आहे. मग काय, सुटलेच. पूर्वी मी नव्या कथासंग्रहांच्या मागे लागायला सांगायची, आता माझी शिफारस थेट शंभर वर्षं मागे गेलीय. ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलीला लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज, ‘ही बाई कसली भारी आहे!’ यंत्राने माझी आवड बदलली नाही, पण देता येतं तेच आधी सुचायला लागलंय. याचं श्रेय कंपनीला द्यायचं की नाही, माहीत नाही.

सगळ्यात मोठा धक्का शेजारच्या काकूंनी दिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी छापील पुस्तक सोडलंच होतं. मी अक्षर भरपूर मोठं करून गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ लावून दिला. वरसईचे भिक्षुक विष्णुभट दानदक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघतात आणि १८५७ च्या धामधुमीत, थेट झाशीच्या वेढ्यात सापडतात. काकूंचं माहेर पेणचं. ‘वरसई? अगं, ती आमच्याकडची!’ एवढं म्हणून यंत्र घेऊन गेल्या, ते पंधरवडाभर परत नाही. पुस्तक उसनं देता येत नाही म्हणून मी बोंब मारत होते, इथे पुस्तकासकट अख्खं कपाटच उसनं गेलं. (मोकळा मजकूर आहे तो चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये फेरफार करून छापलेला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. ती मी कागदावरच घेतली आणि ती घ्यावीच.)

यंत्र परत आलं आणि महिन्याभरात स्क्रीनच्या खालच्या भागात जुन्या पानाच्या ओळी चिकटून राहायला लागल्या. पान उलटलं तरी त्या हलत नाहीत. काचेला तडा नाही, ओरखडा नाही. सेंटरवर उत्तर, ‘मॅडम, प्रेशर डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’ नव्या स्क्रीनचा खर्च यंत्राच्या अर्ध्या किमतीहून जास्त. ईमेल केला की फोटो मागायचे, फोटो पाठवला की तक्रार ‘बंद’ झाल्याचा निरोप. शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्या आठवड्यात कंपनीचा स्वतःहून फोन, आवाजात एकदम मध. बदली मिळालेलं यंत्र दुरुस्त केलेलं जुनंच आहे आणि वॉरंटी आधीची उरलेली तेवढीच.

विकत घेतलेली पुस्तकं खात्यातून परत उतरली. बाहेरून टाकलेल्यांवरच्या माझ्या खुणा आणि टिपा मात्र जुन्या यंत्राबरोबर गेल्या. कुठला उतारा कुणाला वाचून दाखवायचा, कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं, ही सगळी यादी त्यात होती. पुस्तकं परत मिळतील हो, पण ती यादी कुठून आणू? तेव्हा घेणार असाल तर बिल जपून ठेवा आणि महिन्यातून एकदा केबल लावून टिपांची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

एकट्याने वाचणाऱ्याला डोळे मिटून घ्या म्हणेन. माझ्यासारख्या वाटत फिरणाऱ्यांनी आधी वाचनालयाची वर्गणी भरावी, उरले पैसे तर बघावं. पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला दीड काकूंमुळे. त्यांना आता स्वतःचं यंत्र हवंय. पेन्शन झाली की सेल लागेपर्यंत थांबा म्हटलंय, पण त्या ऐकतील असं दिसत नाही.