गाडीतच घर की गाडीमागे घर?

घर भाड्याने द्यायचं पक्कं झालं होतं, चावी महिनाअखेरीला सोपवायची होती, आणि ज्यात राहायला जायचं ते वाहनच अजून ठरत नव्हतं. त्यातच भाचीचं लग्न, सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आणि ‘निघायच्या आधी एकदा येऊन जा’ म्हणणारी निम्मी नातेवाईक मंडळी. म्हटलं, एवीतेवी फिरायचंच आहे, तर दोन्ही वापरून बघू. पहिले १२ दिवस भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच पलंग-ओटा असलेली गाडी; पुढचे १३ दिवस नणंदेकडून मागून आणलेला ट्रेलर, म्हणजे चाकांवरची इंजिन नसलेली खोली, आमच्याच गाडीला मागे जोडून. उरलेले दिवस खोकी भरण्यात गेले.

वाहन बघायला गेलं की सगळे जागा मोजतात. पलंग केवढा, ओटा केवढा, उभं राहिल्यावर डोकं लागतं का. मीही टेप घेऊनच गेले होते. महिनाभरानंतर वाटतं, सगळ्यात आधी मोजायचे ते दिवस: एका जागी तुम्ही किती रात्री काढणार? व्हॅनच्या १२ दिवसांत आम्ही ८ वेळा जागा बदलली, ट्रेलरच्या १३ दिवसांत फक्त २ वेळा. दोन्ही वेळा वाहन बरोबर निवडलं होतं. उलट केलं असतं तर घरी परतेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नसतो.

आधी व्हॅन. हिचं सुख म्हणजे निघणं. डबे बंद, फ्रिजची कडी लावली, छतावरची खिडकी मिटली, निघालो. दहा मिनिटं. वाटेत जागा आवडली, थांबलो. नाही आवडली, पुढे. रात्री पाऊस असला तरी बाहेर न उतरता पुढच्या सीटवर येता येतं. (फ्रिजची कडी मी पहिल्याच दिवशी विसरले. पहिल्या वळणाला दार उघडलं आणि दह्याचं भांडं थेट माझ्या चपलेत.) व्हॅनची मूळ कल्पनाही अशीच हलती. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ साली फोक्सवॅगनच्या टाइप-२ व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’, म्हणजे आत बसवायचं सामान, काढलं ते काढता-घालता येणारं होतं: एरवी कामाची गाडी, सुट्टीत झोपायची.

पण थांबलात की तीच व्हॅन छळायला लागते. आमच्या व्हॅनमध्ये पलंग म्हणजेच बैठक आणि बैठकीच्या मधे टेबल. सकाळी चहा करायचा तर आधी गादी उचला, ती पुढच्या सीटवर टाका, फळी खाली घ्या, पाय लावून टेबल उभं करा. तोवर नवरा बाहेर उभा, कारण आत दोघांना वळायला जागा नाही. एक-दोन दिवस गंमत वाटते. चौथ्या दिवशी आम्ही गादी तशीच ठेवून तिच्यावर बसून चहा प्यायलो. आणि एका जागी चार दिवस राहायचं म्हटलं, की साधं औषध आणायलाही सगळं घर घेऊन जावं लागतं. बाहेर लावलेली कनात, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे सगळं आवरा, जा, या, पुन्हा मांडा. लोक यावर सायकल किंवा स्कूटर मागे टांगतात. पण मग तिचं वजन आलं.

ट्रेलरचं याच्या नेमकं उलट. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ट्रेलरवाल्याचं शेपटीला. पोचल्यावरचा पहिला तास कामाचा: चाकांना ठोकळे, ‘हिच’ (गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा) सोडा, पुढचा जॅक फिरवा, पाणसळ ठेवून लेव्हल बघा, चारी कोपऱ्यांचे पाय टेका. निघताना हेच उलट्या क्रमाने. वर सेफ्टी चेन, दिव्यांची वायर, आणि एकाने मागे उभं राहून ‘ब्रेक... उजवा... डावा...’ ओरडायचं. पण एकदा मांडलं की ते घर आहे. पलंग पलंगच राहतो, टेबल टेबलच. गाडी सोडवून तुम्ही दिवसभर मोकळे. वाढदिवसाच्या आठवड्यात दिरांच्या आवारात ट्रेलर लावला होता आणि आमची गाडी पाहुण्यांना आणायला-सोडायला दिवसातून चार फेऱ्या मारत होती. व्हॅन असती तर आमच्या अंथरुणावर बसून काकामंडळी स्टेशनवरून आली असती.

काकांवरून आठवलं. पत्रकात ‘चार जणांसाठी’ लिहिलेलं असतं ते बहुधा झोपण्यापुरतं. बेल्टच्या सीट किती, हे वेगळं विचारा. आम्ही पाहिलेल्या एका व्हॅनमध्ये झोपतात चार, बसून जाऊ शकतात दोघंच. ट्रेलरमध्ये तर चालत्या गाडीत माणसं बसवणं बहुतेक देशांत बेकायदाच आहे, पण ओढणाऱ्या गाडीच्या सीट तुमच्याकडे असतातच. नातवंडं, भाचे अधूनमधून बरोबर येणार असतील तर हा मुद्दा जागेच्याही वरचा. सासूबाईंचा मुद्दा आणखी वेगळा. व्हॅनमधला मागचा पलंग उंचावर, खाली सामान; त्या बघून म्हणाल्या, “अगं, चढेन मी कशीबशी, पण रात्री उतरवणार कोण?” ट्रेलरला एक पायरी चढून आत गेल्या आणि सरळ जाऊन झोपल्या.

आता वजन. घाई नको अशी ही एकच गोष्ट. पत्रकातलं वजन बहुतेकदा तुमच्या सामानाशिवायचं असतं. पाणी लिटरला किलो. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो तिथेच संपले. त्यावर माणसं, गॅस, कनात, बॅटरी, पुस्तकं. व्हॅन असो वा ट्रेलर, पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर न्या, जमलं तर पुढचा-मागचा आस वेगवेगळा मोजा. व्हॅनची अडचण अशी की युरोपात साध्या परवान्याची हद्द परंपरेने ३५०० किलोला संपते, आणि सगळ्या सोयी कोंबलेली मोठी व्हॅन त्या हद्दीला रिकामीच जाऊन टेकते. ट्रेलरमध्ये भार दोन वाहनांत वाटता येतो, पण कुठे ठेवला हे फार महत्त्वाचं. सगळं जड मागे ठेवलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. उत्तर अमेरिकेतला ठोकताळा असा की ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा. युरोपी गाड्या आणि ट्रेलरसाठी आकडा याहून कमी असतो, म्हणून तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच धरा. आणि हलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, ट्रेलरच्या ब्रेकला वेगळा कंट्रोलर असेल तर तो हलकेच लावा.

विजेचा हिशेबही फिरून दिवसांवरच येतो. व्हॅन रोज दोन-तीन तास चालली तर इंजिनवर फिरून वीज करणारा अल्टरनेटर, मधे डीसी-डीसी चार्जर (गाडीची वीज दुसऱ्या बॅटरीला जुळवून देणारा) लावला की, दिवे-फ्रिजची वेगळी बॅटरी भरून देतो. छतावर सोलर पॅनेल थोडं कमी असलं तरी निभतं. दोन आठवडे एका जागी उभ्या ट्रेलरला ही सोय नाही. तिथे सोलर किंवा बाहेरून मिळणारी वीज, दुसरं काही नाही. १०० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर म्हातारी होते. शिवाय वजन २५ ते ३० किलो. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण १२ किलोची, आणि ८०-९० टक्के वापरता येते. फक्त शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नाही. थंडीत फिरणार असाल तर आत उबेला बसवा किंवा हीटर असलेली घ्या. फ्रिजचंही तसंच: गॅसवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज शांत असतो, पण ट्रेलर कलता उभा असेल तर नीट चालत नाही. कॉम्प्रेसरवाला कशाही उतारावर थंड करतो, मात्र बॅटरी पितो.

शौचालयाबद्दल सगळे विचारतात, म्हणून एवढंच: कॅसेट, म्हणजे शौचालयाखालची काढून रिकामी करायची टाकी, १८-२० लिटरची असते आणि दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. व्हॅन असो की ट्रेलर, ती न्यायची कुणी यावर भांडण तेच.

बिघाडाचा विचार मात्र आम्ही उशिरा केला. व्हॅन गॅरेजला गेली की घर गॅरेजला गेलं. आमच्या भाड्याच्या व्हॅनचा एक सेन्सर बिघडला आणि दोन रात्री आम्ही मावशींच्या हॉलमध्ये काढल्या. मावशी खूश, आम्ही अवघडलेले. ट्रेलरला इंजिन नाही, ओढणारी गाडी बिघडली तरी घर जागेवर आहे. पण टायर, बेअरिंग आणि ब्रेक याला आहेतच, आणि महिनोन्‌महिने उभे राहणारे टायर झिजण्याआधी वयाने जातात. सेकंडहँड ट्रेलर घेताना टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. रबर छान काळंभोर दिसतंय म्हणून फसू नका.

तर कुणी काय घ्यावं? आठवड्यातून तीन-चार वेळा जागा बदलणार असाल, दोघंच असाल, शहरांतून जायचं असेल, किंवा तीच गाडी एरवीही वापरायची असेल, तर व्हॅन. (उंच छताची घेतलीत तर उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टीअरिंगजवळ चिकटवा, बऱ्याच तळघरातल्या पार्किंगची कमान दोन मीटरच्या आसपास असते.) दहा-पंधरा दिवस एका ठिकाणी राहणार, येणारी-जाणारी माणसं असणार, ओढण्याजोगी गाडी आधीच दारात आहे, तर ट्रेलर. आणि वर्षातून दोनदाच जाणार असाल तर कृपा करून दोन्ही घेऊ नका, भाड्यानेच आणा.

एक सावधगिरी. पाहुणचाराचा महिना हा कॅम्परमधल्या आयुष्याचा नमुना नाही. नातेवाइकांकडे जाताना तारखा त्यांच्या असतात, जेवण त्यांच्या घरी, अंघोळ त्यांच्या घरी. आम्ही व्हॅनमध्ये आठ वेळा हललो ते लग्नाच्या तारखांमुळे, हौस म्हणून नाही. पुढच्या वर्षाची वही काढून बसलो तेव्हा कळलं की आपण महिन्याला फार तर दोन जागा बदलणार. मग ट्रेलर ठरला.

त्याची जी किंमत आहे ती रिव्हर्समध्ये मोजावी लागते. ट्रेलर मागे घेताना स्टीअरिंग उलटं फिरवावं लागतं. सोपी युक्ती म्हणजे स्टीअरिंग खालच्या बाजूने धरायचं. मग हात जिकडे नेला तिकडे ट्रेलरचा मागचा भाग जातो. ऐकायला सोपी. नणंदेने तिचाच ट्रेलर सरावाला ठेवून घेऊ दिला आहे, वर बजावून: “वहिनी, दादाला आरशात बघू दे, तुझ्याकडे नको.” तेव्हापासून नवरा रोज संध्याकाळी रिकाम्या मैदानात चार बादल्या मांडून सराव करतोय. दोन पहिल्याच दिवशी गेल्या, तिसरी काल चेपली. चौथी अजून शाबूत आहे.