घाईच्या लघवीचा पॅच: तोंड फारसं कोरडं पडत नाही पण खाज सुटते

ज्यांना लघवी लागली की लगेच बाथरूम गाठावंच लागतं त्यांच्यासाठी लिहितेय. आधी मी ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या घेत होते, लघवीला आराम पडला पण तोंड इतकं कोरडं की भाकरीचा घास उतरेना, मग सारखं पाणी, आणि पाणी प्यायलं की परत बाथरूम, उपयोग काय मग!! पॅचमध्ये औषध तेच, फक्त कातडीतून जातं. गोळी आधी लिव्हरमधून जाते आणि तिथे त्याचं जे काही बनतं त्याने तोंड जास्त सुकतं म्हणे, पॅचमध्ये ते कमी. मला तरी फरक जाणवला.

आमच्या केमिस्टकडे नाही मिळाला. अमेरिकेत 2013 पासून बायकांसाठी चिठ्ठीशिवाय मिळतो, लेक येताना घेऊन आली. पण म्हणून परस्पर लावू नका हं, आमच्या डॉक्टरांनी आधी युरिन टेस्ट आणि सोनोग्राफी करून लघवी पूर्ण होतेय ना, मागे उरत नाही ना ते बघितलं, शिवाय डोळ्यांचं विचारलं कारण एका प्रकारच्या काचबिंदूत हे औषध चालत नाही.

पोटावर, कमरेखाली बाजूला किंवा मागे लावायचा, 4 दिवसांनी बदलायचा आणि आठवडाभर तरी परत त्याच जागी नाही. तिथे क्रीम, पावडर काही नको. आंघोळ चालते. सलवारच्या नाडीखाली मात्र लावू नका, घासून कडा सुटतात, आणि एप्रिल-मेच्या पुण्यात घामाने तर सुटतातच. काढला की पॅचच्या आकाराचा लालभडक डाग आणि कडेला गोंदाची काळी चिकट रेघ, ती खोबरेल लावून पुसते. खाज दोन दिवस तरी राहते. नाजूक कातडी असेल तर विचार करा.

गुण यायला 2 आठवडे धरा. आधी स्वारगेटहून कोथरूडला येताना बसमधून डेक्कनलाच उतरायची वेळ यायची, आता घरापर्यंत निभतं. तुळशीबागेत पण निवांत फिरते (तिथे बाथरूम शोधायचं म्हणजे अवघडच). रात्रीचं उठणं फारसं कमी नाही झालं, पोटही थोडं जड राहतं.

5 पैकी साडेतीन. गोळ्या सोसत असतील तर त्याच बऱ्या, इथे सहज मिळतात तरी.