जर्मन सिल्व्हरच्या भावात लोखंडी रूळ

निवृत्त झाल्यावर माळ्यावर मॉडेल रेल्वे मांडायची, हे मी नोकरीत असतानाच ठरवून ठेवलं होतं. आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. जवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. १:८७ या प्रमाणात तो साधारण ७४ सेंटिमीटर होतो, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा. ही म्हणाली, "पूल कर, पण टेबल सोड."

इंजिन आणि चार डबे मुलाने आणून दिले होते. अडलं होतं ते रुळांवर. १:८७ ला एचओ म्हणतात आणि त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. (आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे हिशोबाने १९ च्या वर यायला हवं. पण तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, म्हणून सगळे १६.५ वरच भारतीय गाड्या चालवतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.) नवा परदेशी ट्रॅक घ्यायचा तर पेन्शनचा विचार करावा लागतो. म्हणून जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर शोधत बसलो.

एप्रिलमध्ये एक जाहिरात दिसली. सरळ आणि वळणाचे मिळून ७० तुकडे, वर सहा पॉइंट, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे सांधे. 'सगळं निकेल सिल्व्हर, कोड १००, दुसरं नि तिसरं वळण.' किंमत १६,५००. गेज १६.५, किंमत १६,५००; मला हा शुभशकुन वाटला, यावरून माझी अवस्था ओळखा.

निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्या देवघरातलं जर्मन सिल्व्हर. चांदी त्यात औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. कोड १०० म्हणजे रुळाची उंची इंचाच्या शंभर हजारांश, २.५४ मिलिमीटर. हे सगळं मला वाचून पाठ होतं. विक्रेत्याला फोन केला तर त्यालाही पाठ होतं. गोड बोलणारा तरुण मुलगा. "काका, वडिलांचं आहे. ते गेले, घरात कोणाला आवड नाही." मग काय, मी विरघळलोच. त्याने फोटो पाठवले. एका तुकड्याचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) उलटे करून खालचं नामांकित ब्रिटिश कंपनीचं नाव दाखवलं. व्हिडिओत इंजिन छान गरगर फिरत होतं. मी सगळे पैसे एकदम यूपीआयने पाठवले.

खोकं आठ दिवसांत आलं, हे सांगायलाच हवं. फसवणूक म्हटली की लोकांना रिकामं खोकं किंवा दगड-विटा आठवतात. इथे तर वजनदार, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला माल होता. मी त्याच संध्याकाळी वर्तुळ जोडलं, रुळांतून इंजिनाला वीज पुरवणारा कंट्रोलर लावला आणि इंजिन धावलं. त्याला फोन करून आभारसुद्धा मानले.

पहिली गडबड मेमध्ये कळली. वळणांचे क्रमांक आवळाकडून मोकळ्याकडे जातात; दुसऱ्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. वर्तुळ फळीवर ठेवलं तर व्यास ८७६ भरायला हवा, भरला ७४२. म्हणजे त्याने पहिल्या, सर्वांत आवळ वळणाचे तुकडे पाठवले होते. आपला आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचा डबा या प्रमाणात २४५ मिलिमीटर लांब. एवढ्या आवळ वळणावर त्याचं पोट आत आणि टोकं बाहेर जातात, शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात. फोन केला. "अरे काका, चुकून गेलं असेल, पुढच्या आठवड्यात बदलून पाठवतो." तो आठवडा अजून यायचा आहे. मीही लावून धरलं नाही. फेविकॉल पातळ करून ट्रॅक चिकटवला आणि भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू चाळून खडी म्हणून पसरली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. दहा दिवसांत इंजिन अडखळायला लागलं, मग बोटाने ढकलल्याशिवाय हलेना. चाकं पुसली, मोटरचे ब्रश बदलले. शेवटी भिंग घेऊन बसलो तेव्हा रुळांच्या कडेला तांबूस पावडर दिसली.

पुण्याच्या एका मित्राला फोन लावला. या छंदात त्याची तीस वर्षं गेली आहेत. त्याने माझं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "फ्रिजवर चुंबक आहे?"

होता. गणपतीपुळ्याहून आणलेला. रुळाला टच करताच चिकटला. जर्मन सिल्व्हरला चुंबक चिकटत नाही, पितळेलाही नाही. चिकटला म्हणजे पोलाद. एकेक तुकडा तपासला: ७० पैकी ५६ पोलादी, १४ खरे. मग खोकं उघडतानाचे माझे स्वतःचे फोटो पाहिले. वरचे दोन थर सात-सात तुकड्यांचे होते. नाव दिसणारा तुकडा त्यातलाच. खालच्या ५६ तुकड्यांचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढला होता. भिंगाखाली ओरखडे स्पष्ट दिसतात आणि त्या ओरखड्यांत पुढे मळ अजूनच बसतो.

मित्राने वाळूवरून मला झापलं. समुद्राची वाळू खारी, ती धुवायची तरी. कबूल. पण तीच वाळू त्या १४ तुकड्यांभोवतीही होती आणि ते आजही स्वच्छ आहेत.

विक्रेत्याचा तोरा मात्र बघण्यासारखा. "काका, स्टील तर करंट जास्त चांगला नेतं." गंमत म्हणजे हे खरं आहे! धातू म्हणून पोलाद जर्मन सिल्व्हरपेक्षा चांगलं वाहक. पण चाक वरच्या थराला टेकतं, आणि गंज वीज नेत नाही. जर्मन सिल्व्हर वापरतात ते हवेत लवकर खराब होत नाही म्हणून. जुन्या ब्रिटिश संचांत पोलादी रूळ असायचे आणि काही इंजिनांना पकड यावी म्हणून चुंबकही. कोरड्या गावात कदाचित चाललं असतं. पण मी पैसे कशाचे दिले होते? नंतर त्याने "माल मिळालाय ना? चालवून बघितलात ना? आभार मानलेत ना?" असं विचारलं आणि फोन उचलणं बंद केलं. माझा आभाराचा फोनच त्याचा पुरावा झाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार घेतली, पण पैसे देऊन दोन महिने उलटले होते. त्या नंबरचा खरा उपयोग पैसे पुढे सरकायच्या आत कळवण्याचा आहे.

आता कोणी जुना ट्रॅक घेणार असेल, तर चालत्या इंजिनाचा व्हिडिओ मागू नका. इंजिन गंज घासल्यावर चार दिवस कशावरही चालतं. सगळ्या थरांतले तुकडे जमिनीवर पसरायला लावा आणि त्यांच्यावरून एका सलग व्हिडिओत चुंबक फिरवायला सांगा. वळणाचे तुकडे जोडून शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. अर्धे पैसे माल तपासल्यावर.

मागच्या आठवड्यात त्याच ॲपवर तोच फोटो दिसला. तोच निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ, गाव वेगळं, भाव १८,०००. हिच्या फोनवरून मेसेज केला, 'चुंबक लावून व्हिडिओ पाठवता का?' दोन निळ्या टिका आल्या. संध्याकाळपर्यंत नंबर ब्लॉक. जाहिरातीची ॲपवर तक्रार केली आहे; हे लिहीपर्यंत ती तिथेच आहे.