एल्युथेरावर एक हिवाळा: घर भाड्याने घेण्याआधी पाण्याची टाकी बघा

बहामाजच्या लहान बेटावर पहिल्यांदा राहायला जाणाऱ्याला किनारे, विमानं, भाड्याची गाडी यांची माहिती कुठेही मिळते. ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. आम्ही दोघं न्यू जर्सीहून नोव्हेंबरात गेलो आणि एप्रिल सरेपर्यंत एल्युथेरावर, गव्हर्नर्स हार्बरजवळ एका भाड्याच्या घरात राहिलो. मला लिहायचंय ते त्या घराखालच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीबद्दल आणि त्याहून जास्त तिच्या पंपाबद्दल.

फेब्रुवारीत एका सकाळी नळाला पाणी येईना. वीज होती, टाकीत पाणी होतं, पंप मात्र गप्प. घर ज्या एजन्सीकडून घेतलं होतं तिला फोन केला. ‘माणूस निघालाय’ असं सांगितलं. तो माणूस राहतो बेटाच्या उत्तर टोकाला, आणि बेटाचे उत्तर-दक्षिण भाग जोडणारा ग्लास विंडो पूल बंद होता. एल्युथेरा पावणेदोनशे किलोमीटर लांब आणि कमालीचं चिंचोळं आहे. या पुलापाशी तर एका बाजूला गडद निळा अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उथळ फिकट पाणी आणि मधे जेमतेम रस्ता. हिवाळ्यात दूर उत्तरेकडे वादळ झालं की इथे लख्ख उन्हातही लाटा पुलावर चढतात. स्थानिक लोक त्याला ‘रेज’ म्हणतात. 1991 च्या अशाच लाटांनी पूल सुमारे 7 फूट सरकला होता, त्यामुळे समुद्र बिघडला की पूल बंद करतात ते योग्यच. माझा राग पुलावर नाही. वर्षभर घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीने दक्षिणेला एकही माणूस ठेवू नये, यावर आहे.

शेवटी शेजारच्या आजोबांनी वाट दाखवली. (या बेटावर काहीही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. तसं न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात.) त्यांनी मेन स्विच पाडला, पंपाच्या प्रेशर स्विचचं (पाण्याच्या दाबानुसार पंप चालू-बंद करणाऱ्या बटणाचं) झाकण काढलं, तर आत मुंग्याच मुंग्या. वीज जोडणाऱ्या दोन कॉन्टॅक्टच्या मधे चिरडून, जळून त्यांचा थर बसला होता. आजोबांनी पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट घासले, मेन चालू केला आणि पंप सुरू झाला. पैसे घेईनात, म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे आमटी-भात पोचवला.

यावर एजन्सीने ‘परवानगीशिवाय यंत्राला हात लावला’ म्हणून अनामत रकमेतून पैसे कापायची भाषा केली. मी सविस्तर ईमेल लिहिला, आम्ही केलेल्या प्रत्येक फोनची वेळ त्यात टाकली. कपात रद्द झाली. दिलगिरीचा शब्द मात्र आला नाही.

त्यानंतर मी त्या पंपाचा अभ्यासच केला. नळ सोडल्यावर पंप दर दोन-चार सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर दोष बहुतेक प्रेशर टँकचा, म्हणजे पंपाजवळ दाबाखाली पाणी धरून ठेवणाऱ्या छोट्या टाकीचा. त्याच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. तो दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर आतला रबरी फुगा फाटलाय. आमच्याकडे तेच झालं होतं, आणि सारखं चालू-बंद होऊन स्विचचे कॉन्टॅक्टही झिजत होते. सुटा प्रेशर स्विच अमेरिकेत पंचवीस-तीस डॉलरला मिळतो. बेटावर तो दुकानात नसेल तर राजधानी नासाऊहून टपाल आणि माल घेऊन येणाऱ्या मेलबोटीची वाट बघत बसावं लागतं. पुढच्या खेपेला बॅगेत एक टाकूनच नेणार.

आता खुद्द टाकीबद्दल. सुरुवातीला मला ती अजिबात आवडत नव्हती. छपरावरचं पाणी पन्हळीतून खाली येतं, त्यात पानं येतात, पक्ष्यांची घाण येते. पिण्यासाठी आम्ही बाटलीबंदच आणत होतो. सार्वजनिक नळयोजनेच्या पाण्याचं घर घेतलं असतं तर बरं, असं मी बहिणीला फोनवर म्हणालेही. मार्चमध्ये मत बदललं. रस्त्यापलीकडच्या नळवाल्या घरांचं पाणी मधूनमधून जायचं आणि ते लोक रिकामे डबे घेऊन आमच्याकडे यायचे. वीज गेली की आमचाही पंप बंद, पण झाकण उघडून, बादलीला दोरी बांधून पाणी शेंदता येत होतं. चुनखडीच्या या बेटावर नदी नाही. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, त्याच्याखाली खारं. अशा जागी घराखाली आपलं पाणी असणं किती मोलाचं आहे ते तेव्हा पटलं.

मात्र हिशेब ठेवावा लागतो. पर्यटकांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल आणि नेमका तोच कोरडा काळ. मोठा पाऊस मे ते ऑक्टोबर. म्हणजे भाडेकरू येतो तेव्हा टाकी उतरत असते. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 120 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पडला तर 3000 लिटर, त्यातून गळती वजा. शॉवरला मिनिटाला 8-9 लिटर जातात, दहा मिनिटांची अंघोळ म्हणजे जवळजवळ 90. आम्ही पहिल्याच आठवड्यात बादली-तांब्यावर आलो आणि आख्ख्या मुक्कामात टँकर मागवला नाही. आमच्या आधीच्या पाहुण्यांना मागवावा लागला होता आणि बिल त्यांच्याच माथी गेलं.

जेवणाचं थोडक्यात. बहुतेक माल बाहेरून येतो, त्यामुळे दूध, भाज्या महाग, आणि बोट येऊन गेल्यावरच घ्याव्यात. पण हिवाळ्यात ओल्या तुरीचे दाणे मिळतात! तिथे ते भातात घालतात, आम्ही आमटी केली. चिकूचीही झाडं आहेत. घरून मसाला न्या, बाकी निभतं.

घर ठरवण्याआधी मालकाला लेखी विचारा: टाकी किती लिटरची, आज किती भरलेली, शेवटची कधी साफ केली, प्रेशर टँक केव्हा बदलला, वीज गेल्यावर पंप कशावर चालतो, टँकरचे पैसे कोणाचे, आणि दुरुस्तीचा माणूस पुलाच्या कुठल्या बाजूला राहतो. समुद्र किती पावलांवर आहे हे ते न विचारता सांगतात.

पुढच्या हिवाळ्यासाठी तेच घर धरलंय. या वेळी एजन्सी मधे नाही. मालकिणीशी थेट बोलून नवा प्रेशर टँक आणि स्विचला मुंग्या न शिरतील असं झाकण, दोन्ही करारात लिहून घेतलंय. तिने बसवलेल्या टँकचा फोटो काल आला.